मनिऑर्डरच्या कुपनावरचे डाग

एचआर १०९९ हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो असं म्हणणं म्हणजे थोडी फुशारकीच. वृषभेच्या दक्षिण सीमेवर १० टॉरी नावाचा एक चौथ्या प्रतीचा तारा आहे. त्याच्यापासून पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर हा दुसरा, बराच मंद. अमावास्येला तेर गावाबाहेर, तेरणेच्या पात्राकडच्या अंधारात, तरुण डोळ्यांना तो लागतो. मला आता लागत नाही. पण माझ्या उमेदीची वर्षं या ताऱ्याच्या उजेडातली घट-वाढ मोजण्यात गेली, आणि ती तशी जावीत म्हणून ज्यांनी पदरमोड केली, जागरणं केली, त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस राहून गेलं आहे.

आधी ताऱ्याचं सांगतो, म्हणजे माणसांचं सांगणं सोपं जाईल. एचआर १०९९ म्हणजे एक तारा नव्हे, जोडी आहे; आपल्यापासून सुमारे शंभर प्रकाशवर्षांवर. मोठा नारिंगी, व्यासाने सूर्याच्या जवळजवळ चौपट. धाकटा आपल्या सूर्याच्या जातीचा. दोघं २.८४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि परस्परांच्या ओढीमुळे मोठ्याची स्वतःभोवतीची फेरीही तेवढ्याच वेळात पुरी होते. आपल्या सूर्याला, पृथ्वीवरून पाहिलं तर, त्यासाठी सुमारे २७ दिवस लागतात. एवढा मोठा गोळा एवढ्या घाईने फिरला की त्याच्या पोटातला तापलेला, विद्युतभारित वायू घुसळून निघतो आणि त्यातून जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र जिथे पृष्ठभाग भेदून वर येतं, तिथे खालून वर येणारी उष्णता अडते. तेवढा भाग भोवतालापेक्षा थंड पडतो आणि काळा दिसतो. सूर्यावर भोवताल सुमारे ५,८०० केल्विनचा आणि डागाचा गाभा ४,००० च्या आसपास. म्हणजे डागही तळपतच असतो, फक्त शेजारच्याहून कमी. ताऱ्यावरचा असा डाग दुर्बिणीतून दिसत नाही, कारण ताराच मुळी एक ठिपका. पण घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या एकाच कुशीवर काळा पट्टा असला, तर तो दर फेरीला एकदा आपल्यासमोर येतो. तसा डाग समोर आला की ताऱ्याचा उजेड उतरतो, पलीकडे गेला की चढतो. आम्ही मोजायचो ते एवढंच.

आता गुरुजी. तेरच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान आणि गणित शिकवत. अंगाने किडकिडीत, धोतर नेसणारे, बोलण्यात 'दरमियान', 'तफावत', 'बराबर' हे शब्द सहज येणारे. निजामाच्या राज्यात फोकानियापर्यंत उर्दूतून शिकलेल्या त्या पिढीचं मराठी तसंच असायचं. घराच्या माळवदावर एक अंधारी खोली होती. तिच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीत एकेक भोक पाडलेलं. सकाळी पूर्वेच्या भोकात, हिवाळ्यात जमलं तर संध्याकाळी पश्चिमेच्या, ते पितळी दुर्बीण बसवत आणि मागे पाट उभा करून त्यावर चिकटवलेल्या कागदावर सूर्याची प्रतिमा घेत. कागदावर कंपासने वर्तुळ आधीच काढलेलं. डाग शिसपेन्सिलीने गिरवायचे, गट मोजायचे, सुटे डाग मोजायचे, गटांच्या संख्येला दहाने गुणून त्यात डागांची संख्या मिळवायची. ही रीत झुरिकच्या रुडॉल्फ वुल्फची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. आम्हा पोरांना मात्र ती गुरुजींचीच वाटायची.

आकडा लाल कापडी बांधणीच्या खतावणीत चढायचा. तेरला जपून ठेवण्याच्या वेडाचं नवल नव्हतं म्हणा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतातून, ओढ्याकाठून, लोकांच्या उकिरड्यांवरून सातवाहनकाळचे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती गोळा केल्या आणि त्या संग्रहाचं पुढे सरकारी वस्तुसंग्रहालय झालं. ज्या गावात फुटक्या खापराला कुणी टाकाऊ म्हणत नाही, तिथे रोज सूर्याचं चित्र काढणाऱ्या मास्तराला फार कुणी हसलं नाही. थोडं हसले.

खतावणीत तीन प्रकारच्या नोंदी असत. आकडा, शून्य आणि आडवी रेघ. शून्य म्हणजे सूर्य नीट पाहिला आणि त्यावर एकही डाग नव्हता. रेघ म्हणजे पाहिलाच नाही: ढग होते, ताप होता, लग्नाला गेलो होतो. एकदा गुरुजी पंढरपूरला गेले असताना मी आणि आणखी एकाने चार दिवस खतावणी सांभाळली. दोन दिवस आभाळ भरून आलेलं. माझ्या जोडीदाराने दोन्ही दिवशी शून्य लिहिलं. परत आल्यावर गुरुजींनी ते पान पाहिलं आणि रागावले नाहीत, पण संध्याकाळभर दोघांना समोर बसवून घेतलं. "नव्हतं आणि बघितलं न्हाई, ह्यात तफावत हाय का न्हाई? शून्य ही साक्ष हाय बाळ. साक्ष खोटी देऊ नये." पुढे हैदराबादला शिकत असताना आणि त्यानंतरही हे वाक्य मला पदोपदी आठवलं. सतराव्या शतकात कित्येक दशकं सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच. त्या काळाच्या जुन्या नोंदींची जी मोठी यादी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात काही निरीक्षकांच्या कोऱ्या दिवसांना शून्य धरलेलं होतं, आणि ती शून्यं वेचून काढायला पुढच्या संशोधकांना बराच घाम गाळावा लागला. हे वाचलं तेव्हा मला पंढरपूरची ती वारी आठवली.

१६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण आमच्याकडे खग्रास नव्हतं; खग्रास पट्टा दक्षिणेला, कर्नाटकातून आंध्राकडे गेला. पण सूर्याचा फार मोठा भाग झाकला जाणार होता. दुपारी गाव असं चिडीचूप झालं की कुत्रीसुद्धा कुठे दिसेनात. घराघरांत पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं. आईने मला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नसतं; "गिराण सुटल्याबिगर भाईर पाय ठिवू नको" असं तिने बजावलेलंच होतं. गुरुजी स्वतः न्यायला आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोरगं माझ्या घरात, कवाड लावून, अंधारात बसणार हाय. तुमच्या घरापेक्षा जास्त अंधार." हे शंभर टक्के खरं होतं. आईला नाही म्हणता आलं नाही.

सूर्याची चुंबकीय सक्रियता त्या हिवाळ्यात कळसाला होती, त्यामुळे पाटावरच्या वर्तुळात डागांची दाटी. चंद्राची काळी कड एका बाजूने आत सरकू लागली. गुरुजींनी प्रत्येक गटाला अक्षर दिलं होतं. कड डागाला टेकली की ते "क!", "ख!" म्हणत आणि मी त्यांच्या एचएमटी घड्याळातली वेळ लिहायचो. गिळला ती वेळ, सुटला ती वेळ. त्यातला 'ग' नावाचा डाग खरं तर दोन डाग होते. एरवी ते एकात एक मिसळलेले दिसायचे. चंद्राच्या कडेने त्यांना वेगवेगळ्या वेळी झाकलं म्हणून ते दोन असल्याचं कळलं. गुरुजींना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी सूर्याकडे न बघता माझ्याकडे बघून "शाब्बास!" म्हटलं, जणू तो डाग मीच फोडला होता.

हीच युक्ती दुसऱ्या ताऱ्यांवर फार आधी वापरली गेली होती, हे मला चार वर्षांनी कळलं. सरठ तारकासमूहात एआर लॅसर्टी नावाची जोडी आहे. दोन दिवसांना थोडे कमी एवढ्या काळात तिचे तारे एकमेकांना झाकतात. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत जेराल्ड क्रॉन यांना दिसलं की ग्रहण चालू असताना उजेड सरळ उतरत नाही, मध्येच अडखळतो. पुढचा तारा मागच्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सरकताना कधी उजळ भाग झाकतो, कधी काळा. ताऱ्यावर डाग असावेत, असं क्रॉन यांनी १९४७ मध्ये छापलं. पुढची वीसेक वर्षं ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७० च्या दशकात डग्लस हॉल यांनी श्यामशबल समूहातल्या आरएस ताऱ्याच्या नावाने अशा जोड्यांची एक जात निश्चित केली, मग क्रॉन यांची पानं पुन्हा उघडली गेली. एचआर १०९९ त्याच जातीतला.

लिकचं नाव निघालं म्हणून सांगतो. परंड्याच्या पलीकडे, करमाळा तालुक्यातलं जेऊर सगळ्यांना रेल्वे स्टेशन म्हणून ठाऊक आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लिकचे विल्यम कॅम्बेल तिथे तळ ठोकून होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवालाही तिथेच. नायगमवालांची ती पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली. तिथे १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जात होती आणि आजही घेतली जातात. आमच्या भागात विज्ञान कुठून येणार, असं म्हणणाऱ्यांना मी जेऊरचं नाव सांगतो. ते ऐकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आमची कोरडवाहू नऊ एकर. बहात्तरच्या दुष्काळात वडील नालाबंडिंगच्या कामावर होते आणि त्यातून घर पुरतं कधी सावरलं नाही. बीएस्सीनंतर मी कुठेतरी चिकटावं, हे घरातल्या सगळ्यांना उघड दिसत होतं. गुरुजींना दिसत नव्हतं. उस्मानिया विद्यापीठात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, त्यातून एमएस्सी करता येते, एवढंच ते सांगत राहिले. तिथे के. डी. अभ्यंकर होते. अभ्यंकरांनी बर्कलीला ऑटो स्ट्रूव्ह यांच्याकडे डॉक्टरेट केली होती, आणि हैदराबादला एवढा मोठा मराठी माणूस आहे याचा गुरुजींना घरचाच अभिमान. शेवटी वडिलांसमोर बसून ते म्हणाले, "फी आणि खानावळ माझ्याकडं. गाडीभाडं तुम्ही बघा."

नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद. लाल गाडीने तो रस्ता आता मला पाठ आहे. काचीगुड्याला एका मराठी घरात माडीवर जागा मिळाली आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येऊ लागला. कुपनावर खुशाली लिहायला जागा असायची. गुरुजी खुशाली लिहीत नसत. त्या चार बोटांच्या कागदावर बारीक अक्षरात गेल्या महिन्याचे सूर्यावरचे आकडे असत. शून्यं शून्यासारखी, रेघा रेघेसारख्या. १९८४ आणि ८५ साली सूर्य शांत होत चालला होता, कुपनावर शून्यं वाढत होती. पावसाळ्यात नुसत्या रेघा. मी उलट टपाली माझ्या ताऱ्याचे आकडे पाठवायचो. त्या पत्रांत दोघांपैकी कुणीच पैशांचा विषय काढला नाही. आकड्यांच्या आडून ते बरंच सोयीचं पडत होतं.

हैदराबादच्या निझामिया वेधशाळेशी आमच्या जिल्ह्याचं नातं नकाशावरचं तर आहेच. १९५६ पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये ती उभारली. तिथेच नोकरीला असलेल्या सहायकाचा मुलगा हैदराबादला वाढला आणि निझाम कॉलेजात शिकला. त्याचं नाव वेणू बाप्पू. ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमची एक रेघ असते आणि तिच्या मधोमध एक उजळ गाभा. ओलिन विल्सन आणि बाप्पूंनी १९५७ मध्ये दाखवलं की या गाभ्याच्या रुंदीवरून ताऱ्याचं मूळ तेज सांगता येतं. तोच उजळ गाभा कमी-जास्त तेजस्वी होतो, तो चुंबकीय क्षेत्रामुळे. त्याचा धागा पकडून विल्सन यांनी १९६६ पासून माऊंट विल्सनवर सूर्यासारख्या ताऱ्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण चालवलं आणि इतर ताऱ्यांवरही सूर्याच्या अकरा वर्षांसारखी चक्रं चालतात, हे दाखवलं. एका माणसाच्या हौसेचं हे काम नव्हे. एका चक्राला दहा-बारा वर्षं लागणार. तीन चक्रं पाहायची तर एका माणसाची नोकरी संपते.

मी काम केलं ती उस्मानियाची जपाल-रंगापूरची ४८ इंची दुर्बीण १९६८ ची. हैदराबादपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, टेकाडावर. तिथे जोडताऱ्यांचं काम आधीपासून चालत आलेलं होतं. एम. बी. के. शर्मा यांच्या एका जुन्या शोधनिबंधावर त्यांच्या जोडीला औसेकर हे आडनाव पाहिलं, तेव्हा लायब्ररीत मी एकटाच हसलो. औसा तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यातलं. 

दुर्बिणीच्या मागे फोटोमीटर, त्यात सुक्या बर्फाने थंड केलेली नळी. ताऱ्याचा उजेड तिच्यात पडला की विजेचा बारीक प्रवाह, आणि त्याबरोबर सरकत्या कागदाच्या पट्टीवर पेन वर-खाली. आधी १० टॉरी, मग त्याच्या शेजारचं मोकळं आकाश, मग एचआर १०९९, पुन्हा आकाश, पुन्हा १० टॉरी. रात्रभर हेच. १० टॉरी ठाम आहे, म्हणून त्याच्याशी ताडून दुसऱ्याचं चढणं-उतरणं कळतं. घट किती? चांगल्या मोसमात शेकडा पंधरा-वीस, कधी जेमतेम पाच. डोळ्यांना यातलं काहीही कळत नाही.

रात्रपाळीला एक सहायक असायचे. तिथल्याच गावचे, घरात तेलुगू, माझ्याशी दख्खनी. वय साठीकडे झुकलेलं, कानटोपी, हातात बिडी नाहीतर टॉर्च. त्यांना मी चाचा म्हणायचो. मला दुर्बीण शिकवली ती प्राध्यापकांनी. आभाळ शिकवलं चाचांनी. विरळ ढगाची झिरझिरीत झालर डोळ्यांना दिसत नाही, पण मापनाचा नास करते. मी ताऱ्याच्या आकड्यांत गुंग असलो की ते पट्टीकडे बघत म्हणायचे, "बेटा, दस टॉरी हिल रा. बंद करो." १० टॉरी हलत नसतो, तो हलतोय म्हणजे आभाळ हलतंय. रात्रीच्या अडीच वाजता, महिन्यातून मिळालेल्या दोन-तीन रात्रींपैकी एक अशी सोडायची तर जिवावर येतं. चाचा मात्र घुमट लावून घ्यायचे आणि चहा टाकायचे. माझ्या प्रबंधातल्या रात्रींची संख्या त्यामुळे कमी भरली. त्या रात्रींतला एकही बिंदू पुढे कुणाला खोडावा लागला नाही, हे त्यांचं देणं. त्यांच्या शेवटच्या आजारात मी हैदराबादला नव्हतो. कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

गावी गेलो की आलेख गुरुजींसमोर पसरायचा. ते चष्मा पुसून बघत. एका मोसमाचा आलेख, मग पुढच्या मोसमाचा. दुसऱ्यात खड्डा सरकलेला. मी म्हणालो, डाग सरकला.

"डाग बघितलास तू?"

"नाही गुरुजी. उजेड कमी झाला."

"मग उजेड कमी झाला म्हण. डाग कशाला म्हणतोस?"

मी वर्णपटाचं सांगितलं. १९८३ मध्ये व्होग्ट आणि पेनरॉड यांनी याच ताऱ्याच्या वर्णरेषांमध्ये सरकणारे उंचवटे पाहून डागांचा नकाशा काढला होता, आणि त्यात ध्रुवाजवळ भला मोठा डाग आला होता. सूर्यावर डाग विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना असतात, ध्रुवावर कधीच नसतात. गुरुजींना हे मुळीच पटलं नाही. "ध्रुवावर? अरे, ते गणिताचं भूत असंल." मी चिडलो. पण शास्त्रातल्या बऱ्याच लोकांची तेव्हा हीच शंका होती आणि पुढे दहा-पंधरा वर्षं त्यावर रण माजलं होतं. एकाच आलेखाला डागांच्या कित्येक मांडण्या लागू पडतात. हे प्रबंधाच्या परीक्षकाने विचारण्याआधी तेरच्या माळवदावर विचारलं गेलं, म्हणून तोंडी परीक्षेत माझं निभावलं.

नोकरी लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी पैसे साठवले आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवले. ते नको म्हणतील, मी आग्रह करीन, मग डोळे भरून येतील, असा सगळा बेत मी एसटीत बसूनच करून ठेवला होता. गुरुजींनी नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या, खतावणी काढली आणि मागच्या बाजूची पानं उघडली. तिथे माझा हिशेब होता, मनिऑर्डरच्या कमिशनसकट. त्यांनी जमा लिहिली, बाकी शून्य दाखवली आणि सही करून पावती माझ्या हातात दिली. "हे पुढच्याला लागतील." पुढचा म्हणजे कळंबचा एक मुलगा होता. तो इंजिनिअर झाला.

माझ्या पानाच्या आधी आणखी पानं होती. सगळ्यांत पहिल्यावर गुरुजींचं स्वतःचं नाव, वर उर्दूत एक ओळ, आणि ते खातं मात्र कधी बंद न झालेलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मौलवीसाबांचं सांगितलं. उस्मानाबादच्या शाळेत रियाजी, म्हणजे गणित, शिकवणारे मास्तर. १९४७ च्या एप्रिलमध्ये सूर्यावर डागांचा असा गट आला की नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून तेवढा मोठा आजवर दुसरा नाही. सूर्याच्या समोरच्या बाजूचा शेकडा ०.६ भाग त्याने व्यापला होता. दुर्बीणही नको, काजळी धरलेली काच पुरे. मौलवीसाबांनी ती काच वर्गात फिरवली. सोळा वर्षांच्या गुरुजींनी डाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तो सरकलेला पाहिला. एआर लॅसर्टीवरचा क्रॉन यांचा निबंध त्याच सालचा. ह्या योगायोगाला काहीही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.

पितळी दुर्बीण मौलवीसाबांची. जमाबंदीच्या मोजणीतली, हैदराबादच्या जुम्मेरात बाजारातून घेतलेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ते कुटुंब जिल्हा सोडून हैदराबादला गेलं. का, ते गुरुजींनी सांगितलं नाही. आमच्या भागात ते कुणी विचारतही नाही. जाताना दुर्बीण त्यांनी या विद्यार्थ्याकडे ठेवली. दोन वर्षांनी गुरुजी उस्मानियात शिकायला गेले तेव्हा त्यांची फी मौलवीसाबांनी भरली. स्वतःचं घरदार गमावून भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने. गुरुजी परतफेड करण्याजोगे झाले, तोवर ते वारले होते. उर्दूतली ओळ काय म्हणते, असं मी विचारलं. "काही न्हाई. तारीख हाय," म्हणाले.

गुरुजी गेले तेव्हा केपलर दुर्बीण आकाशात जायची होती. २००९ नंतर केपलरने आणि २०१८ नंतर टेसने ताऱ्यांचे आलेख असे आणले की आमच्या पट्ट्या शाळकरी वाटाव्यात. घुमट नाही, ढग नाहीत, दिवसही उगवत नाही. आता धाराशिवच्या घरी बसून मी टेसचे आकडे उतरवून घेतो. एका मोसमात आम्हाला न जमलेलं २७ दिवसांत हाती येतं. तरीही दशकांची चक्रं शोधायची तर पन्नास वर्षांपूर्वीच्या जमिनीवरच्या दुर्बिणींकडेच वळावं लागतं, आणि त्या ढिगात जपाल-रंगापूरच्या, कवलूरच्या रात्री आहेत. उपग्रहांवर इतकी स्तुतिसुमनं उधळणाऱ्यांनी ही गोष्ट अधूनमधून बोलायला हरकत नाही.

२०१६ मध्ये देवयानीतल्या झीटा ताऱ्याचं चित्र प्रसिद्ध झालं. माऊंट विल्सनवरच्या सहा दुर्बिणींचा उजेड एकत्र आणून रेचेल रोएटनबाखर आणि सहकाऱ्यांनी ते मिळवलं. हेल यांना सूर्याच्या डागांत चुंबकत्व सापडलं ते १९०८ मध्ये, याच डोंगरावर. या चित्रात ठिपका नाही, तबकडी आहे, आणि तबकडीवर डाग. त्यातला एक ध्रुवाजवळ. वर्णपटाच्या गणिताने सांगितलेला, पण आता वर्णपटाच्या आधाराशिवाय दिसलेला. गुरुजींसमोर ते ठेवायला मिळालं असतं तर मी जिंकलो असतो, असं पुष्कळ वेळा वाटतं. मग त्यांनी विचारलं असतं, हा तुझा तारा न्हाई, दुसराच हाय. तुझ्या ताऱ्यावर बघितलास का?

खतावण्या त्यांच्या मुलाने माझ्याकडे दिल्या. मी त्यांतले आकडे संगणकात भरतोय आणि त्याच तारखांच्या कोडाईकनालच्या छायाचित्रांशी ताडून बघतोय. प्रत्येक निरीक्षकाचा एक गुणक असतो; त्याची नजर, त्याची दुर्बीण, त्याची सवय सगळं त्यात येतं. गुरुजींचा गुणक वर्षानुवर्षं ठाम आहे, मग अखेरच्या वर्षांत तो हळूहळू ढळायला लागतो. बारीक डाग त्यांच्या वहीत येईनासे होतात. मोठे येतात, त्यांच्या भोवतीची बारकी पिल्लं नाहीत. मग एका जानेवारीत तीन आठवडे रेघा, आणि त्यानंतर आकडे एकदम पूर्ववत. मोतीबिंदू काढला तो महिना. एक डोळा तेव्हा, दुसरा दोन वर्षांनी. तोही आलेखात दिसतो. मौलवीसाबांच्या खात्याचं पान मी वेगळं काढून ठेवलेलं नाही, ते आहे तसंच पहिल्या खतावणीला शिवलेलं आहे. भरणं १९७१ पर्यंत आलंय. यंदा पावसाळ्याआधी बहात्तर संपवायचं आहे. त्या वर्षी ढग नव्हते, त्यामुळे रेघा फारच थोड्या आहेत.